मामाच्या वळणावर

बेकरीच्या मालकाला भिंतीवर लावायला एक प्रमाणपत्र हवं होतं. खाण्याच्या वस्तू बनवणाऱ्या प्रत्येक ठिकाणी निदान एका माणसाने सूक्ष्मजीवांचा प्राथमिक अभ्यासक्रम केलेला असावा, असा नवा नियम निघाला होता. जवळच्या कॉलेजने पहिल्या वर्षाच्या वर्गात बाहेरच्या लोकांसाठी चार जागा ठेवल्या होत्या. सहा आठवडे, सकाळी अकरा ते एक. मालकाने विचारलं, "कोण जातं?" पीठ मळणाऱ्याने खाली पाहिलं, पाव कापणारीने खिडकीबाहेर पाहिलं. भट्टीवाल्याने मात्र पिठाने माखलेला हात वर केला.

त्याचं वय सत्तेचाळीस. शाळा सुटून तीस वर्षं झाली होती. तरी मालकाने "बरं, जा" म्हटल्यापासून त्याचे पाय जमिनीवर नव्हते. घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, ती हसली. मग लेकीला सांगितलं, तिचा चेहरा पडला. कारण ती त्याच कॉलेजात, त्याच वर्गात होती.

"बाबा, एक अट," ती म्हणाली. "वर्गात मला ओळखायचं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी कुणीतरी मुलगी आणि तू कुणीतरी काका."

"चालेल," तो म्हणाला, आणि नवी वही घ्यायला दुकानात गेला. एकाऐवजी चार घेऊन आला.

पहिल्या दिवशी तो शेवटच्या बाकावर बसला आणि कुणीतरी काका झाला. पण वर्गात सगळ्यांनी आपण कोण ते सांगायचं होतं. तो उठून म्हणाला, "मी भट्टीवर असतो. पंचवीस वर्षं यीस्ट हाताळतोय, पण ते कसं दिसतं हे मला अजून माहीत नाही. तेवढ्यासाठी आलोय." वर्ग हसला. दुपारपर्यंत त्याचं नाव यीस्टकाका पडलं आणि लेक दप्तरात डोकं घालून बसली.

शिकवणाऱ्या मॅडम तिशीच्या आतबाहेरच्या. बोलणं भरभर, आणि उत्तर चुकलं तर रागावण्याऐवजी "असं का वाटलं तुम्हाला?" असं खरंच विचारायच्या. पहिल्या प्रयोगाला त्यांनी प्रत्येकाला झाकणाची एक काचेची बशी दिली. तळाशी जेलीसारखा थर होता. "हे जंतूंचं ताट," त्या म्हणाल्या. "यावर काहीही टेकवा, झाकण लावा, दोन दिवसांनी बघू कोण कोण जेवायला येतं."

कुणी नाणं टेकवलं, कुणी कानातलं. यीस्टकाकाने बशीच्या मधोमध रेघ मारून एका बाजूला न धुतलेला अंगठा टेकवला आणि दुसऱ्या बाजूला साबणाने धुतलेला. दोन दिवसांनी त्याने झाकणातून पाहिलं. एका बाजूला ठिपक्यांची दाटी झाली होती. काही मोठे, काही मोहरीएवढे. दुसऱ्या बाजूला मोजून चार.

"मॅडम, हा एक ठिपका म्हणजे एक जंतू?"

"नाही काका. तिथे आधी एकच होता, डोळ्याला न दिसणारा. त्याचे दोन झाले, दोनाचे चार. काही जण वीस मिनिटांत दुप्पट होतात. हा ठिपका म्हणजे त्या एकट्याचं अख्खं गाव."

यीस्टकाका बाकावर बसला आणि वहीत दुप्पट करत सुटला. सात तासांचा हिशेब वीस लाखांवर गेला, तेव्हा त्याने पेन खाली ठेवून शेजारच्या मुलाला हलवलं. "अरे, मी दुपारी जेवून जरा आडवा होऊन उठेपर्यंत एकाचे हजारो." त्या मुलाने मान डोलावली. त्याला हे बारावीतच शिकवलं होतं, पण त्याचं हसू काही लपेना.

दुसऱ्या आठवड्यात सूक्ष्मदर्शकाखाली यीस्ट आलं. मॅडमनी पाण्यातल्या यीस्टवर निळ्या रंगाचा थेंब टाकला. "मेलेल्या पेशी निळ्या होतात. जिवंत पेशी तो रंग आत आल्या आल्या मोडून टाकतात, म्हणून त्या फिक्याच राहतात," त्या म्हणाल्या. यीस्टकाकाने डोळा लावला. अंडाकृती, पारदर्शक, एकेकीच्या खांद्यावर छोटा फुगा आलेला. तो फुगा म्हणजे तिची लेक, मॅडमनी सांगितलं, मोठी झाली की वेगळी होईल.

तो बराच वेळ उठेना. मागे रांग लागली.

"काका, झालं का?" कुणीतरी विचारलं.

"पंचवीस वर्षांनी तोंड बघतोय," तो डोळा न काढता म्हणाला. "जरा थांबा."

रांगेत त्याची लेकही होती. ती त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्यासाठी शरमली नाही. पण ओळख मात्र तिने दाखवली नाही.

ती ओळख तिसऱ्या आठवड्यात उघडी पडली. त्या दिवशी जंतूंना रंग द्यायचा प्रयोग होता. काचपट्टीवर दोन प्रकारच्या जंतूंचं मिश्रण पसरायचं, आच देऊन चिकटवायचं, मग जांभळा रंग, आयोडीन, अल्कोहोलने धुणं, आणि शेवटी गुलाबी रंग. ज्यांची भिंत जाड ते जांभळा रंग धरून बसतात. ज्यांची पातळ, त्यांचा जांभळा धुऊन जातो आणि ते गुलाबी होतात. एवढ्यावरून जंतूंचे दोन मोठे गट ओळखता येतात, मॅडम म्हणाल्या, आणि डॉक्टरला औषध निवडायला यानेच पहिली दिशा मिळते.

यीस्टकाकाने सगळं घड्याळ लावून केलं. भट्टीवाल्याला वेळ पाळायला शिकवावं लागत नाही. मग सूक्ष्मदर्शकात पाहून त्याने वहीत लिहिलं: 'सगळे एकाच रंगाचे.'

मॅडमनी वही पाहिली. "अल्कोहोल कमी पडलं असेल. पुन्हा करा."

त्याने पुन्हा केलं, पुन्हा तेच लिहिलं. तिसऱ्यांदा मॅडम शेजारी उभ्या राहिल्या, आणि मग त्यांनी स्वतः डोळा लावला. 

"काका, ही वर्गातली सगळ्यात सुरेख पट्टी आहे," त्या म्हणाल्या. "द्राक्षांच्या घडासारखे गोल गोल जांभळे, आणि मध्ये मध्ये लांबट गुलाबी. दिसतंय?"

"गोल दिसतात. लांबटही दिसतात."

"आणि रंग?"

"तोच की. दोघांचा."

 तेवढ्यात पुढच्या बाकावरून आवाज आला, "बाबा, तुला खरंच वेगळे दिसत नाहीत?"

सगळ्या माना तिकडे वळल्या. लेकीने जीभ चावली, पण तीर सुटला होता. "हो, माझे बाबा आहेत," ती सगळ्यांना म्हणाली आणि उठून त्याच्याजवळ आली.

मॅडमनी कपाटातून एक पुस्तक काढलं. प्रत्येक पानावर रंगीत ठिपक्यांचं वर्तुळ. "यात कोणता आकडा दिसतो?"

"आकडा कुठाय?"

"बाबा, त्र्याहत्तर आहे. एवढा मोठा."

त्याने पान डोळ्याजवळ नेलं, लांब धरलं, तिरकं धरलं. पुढचं पान, त्याच्या पुढचं पान. नुसते ठिपके. मॅडम सांभाळून बोलायला लागल्या, की काही लोकांना लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही, हा आजार नाही, साधारण बारा पुरुषांमागे एकाला असतं. पण यीस्टकाका घाबरला नव्हता. तो आधी गालात हसला, मग मोठ्याने, आणि मग बाकाला धरून हसत सुटला.

"मला आयुष्यभर वाटलं लोक थापा मारतात," तो म्हणाला. "टोमॅटो पिकलाय, म्हणे रंगावरून कळतं. मी दाबून बघतो. मालक सांगतो पाव तांबूस झाला की काढ. मला वाटायचं तांबूस हा बोलण्यातला शब्द आहे, जसं खमंग म्हणतात तसा. मी पाव उलटा करून टिचकी मारतो, पोकळ वाजला की काढतो. आणि बायको माझे शर्ट लपवते, ते आत्ता कळलं." वर्ग त्याच्याबरोबर हसत होता, लेक तर डोळे पुसत होती.

हसणं ओसरल्यावर मॅडमनी खडू उचलला. आनुवंशिकी पुढच्या आठवड्यात होती, पण एवढं जिवंत उदाहरण समोर असताना थांबणं त्यांना जमेना. फळ्यावर त्यांनी एक चौकोन काढला, तो पुरुष. एक गोल काढला, ती स्त्री. "पेशीत गुणसूत्रं असतात, त्यांवर शरीर घडवायच्या सूचना. पुरुषाकडे एक्स नावाचं गुणसूत्र एकच, आणि हा एक्स आईकडूनच येतो. रंग ओळखायची सूचना त्या एक्सवर आहे. बाईकडे दोन एक्स. एकावर चूक असली तर दुसरा सांभाळून घेतो, तिला कळतही नाही. पण मुलाला नेमका तो चुकीचा मिळाला, तर सांभाळायला दुसरा नसतो. तेव्हा काका, हे तुम्हाला तुमच्या आईकडून आलं."

"आईला तर सगळे रंग दिसतात."

"दिसणारच. ती वाहक. तिला ते तिच्या वडिलांकडून आलं असेल, नाहीतर आईकडून. आईकडून आलं असेल, तर तिच्या भावालाही असण्याची शक्यता निम्मी. तुम्हाला मामा आहेत?"

यीस्टकाकाचं हसू थांबलं. त्याने लेकीकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे. दोघांच्याही डोळ्यांपुढे एकच वस्तू आली होती, आजीच्या घराचं दार.

त्या दाराची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. अकरा वर्षांपूर्वी यीस्टकाकाचे वडील गेले. जायच्या आधी त्यांनी घर रंगवायला काढलं होतं आणि पुढच्या दारासाठी शेवाळी रंगाचा डबा स्वतः निवडून आणला होता. बाजूच्या खिडक्यांसाठी तपकिरी. ते गेल्यावर उरलेलं काम करायला आईचा धाकटा भाऊ आला. तो घड्याळं दुरुस्त करायचा, हात स्थिर, काम नेटकं. दिवसभर खपून त्याने दार रंगवलं आणि बहिणीला हाक मारली. दार तपकिरी होतं.

ती म्हणाली, "त्यांनी निवडलेला रंग होता तो. आंधळा आहेस का?" तो म्हणाला, "शेवाळीच लावलाय. तूच डोळे तपासून घे." मग तिने मुलाला बोलावलं. यीस्टकाकाने दार खालून वर पाहिलं आणि म्हणाला, "मला तर ठीक वाटतंय." आई त्याला म्हणाली, "गेलास ना मामाच्या वळणावर," आणि आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. भावाशी मात्र अकरा वर्षं. दार तिने पुन्हा रंगवलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, राहू दे, पुरावा आहे.

मॅडमनी ठिपक्यांचं पुस्तक एका दिवसासाठी दिलं. बापलेक कॉलेजच्या फाटकातून जवळजवळ पळतच निघाले. बसमध्ये यीस्टकाका एका जागी बसेना. "मामाच्या वळणावर," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "आईने रागात म्हटलं, आणि शास्त्र बोलून गेली बाई." लेकीने त्याला हाताला धरून बसवलं, पण तिलाही हसू आवरत नव्हतं.

आई दारातच शेंगा सोलत बसली होती. यीस्टकाकाने तिच्यासमोर पुस्तक उघडलं. "आकडा सांग."

"त्र्याहत्तर. का?"

"मला दिसत नाही."

"चष्मा लाव."

"चष्म्याने दिसत नाही आई. लाल आणि हिरवं मला वेगळं कळत नाही. जन्मापासून." मग लेकीने तिथेच पायरीवर खडूने गोल आणि चौकोन काढून आजीला सगळं सांगितलं. आजी शेंगा सोलायची थांबली. तिने पायरीवरच्या आकृतीतल्या एका गोलावर बोट ठेवलं.

"ही मी?"

"हो."

"म्हणजे हे त्याला माझ्यामुळे झालं."

"आई, झालं काय? पाव मी टिचकीने काढतो, एकही जळत नाही."

"मीही वाहक आहे आजी," नात म्हणाली. "बाबाकडे एक्स एकच, तोच मला मिळाला. आपण दोघी एका गटात." आणि तिने आपल्या गोलात एक ठिपका काढला, मग आजीच्या गोलात एक.

आजीने ते दोन ठिपके पाहिले. मग तिची नजर शेजारच्या रिकाम्या चौकोनाकडे गेली. तो भावाचा होता, त्यात लेकीने अजून काही काढलं नव्हतं.

"यात काय भरायचं?" आजीने विचारलं.

"ते विचारायलाच चाललोय," यीस्टकाका म्हणाला.

"मी येणार नाही."

"तुला कोण बोलावतंय?"

"पण विचारून लगेच परत या," ती म्हणाली, आणि शेंगांची टोपली आत घेऊन गेली.

मामाचं दुकान तिथून चालत वीस मिनिटांवर. काचेमागे म्हातारा एका डोळ्याला भिंग लावून मनगटी घड्याळ उघडून बसला होता. भाच्याला पाहून त्याने भिंग काढलं. भाच्याशी त्याचं बोलणं होतं, पण घरच्या विषयाला तो फिरकू देत नसे.

"मामा, आकडा सांग."

म्हाताऱ्याने पान पाहिलं. भिंग लावून पाहिलं. "छपाई पुसट आहे. आकडा कुठाय?"

यीस्टकाकाने टेबलावर हात आपटला, तेव्हा तिथले बारीक स्क्रू उड्या मारायला लागले. "मलाही नाही दिसत," तो म्हणाला. आनंदाने त्याचा आवाज चिरकला होता. "मामा, आपण दोघंही एकाच वळणाचे." मग त्याने सगळं सांगितलं, जंतूंच्या पट्टीपासून आईच्या पायरीपर्यंत, इतकं भराभर की लेकीला मध्ये मध्ये दुरुस्ती करावी लागली.

म्हाताऱ्याने पुस्तक पुन्हा उजेडाकडे धरून पाहिलं. मग त्याने हळूच विचारलं, "म्हणजे दार शेवाळी नाही?"

"तपकिरी आहे मामाआजोबा."

"आणि खिडक्या?"

"शेवाळी. उरलेला डबा तुम्ही तिकडे वापरलात."

त्याने घड्याळाचं झाकण बंद केलं. "म्हणजे ताईचं बरोबर होतं."

"हो."

"मग मी येत नाही," तो म्हणाला.

यीस्टकाकाने डोक्याला हात लावला. पण लेक स्टूल ओढून म्हाताऱ्यासमोर बसली. "मामाआजोबा, आजी म्हणते तुम्ही मुद्दाम केलंत. ते तिचं चूक आहे. तुम्ही म्हणत होतात शेवाळी लावलाय, ते चूक, पण खोटं नव्हतं. हिशेब बरोबरीत सुटला."

म्हाताऱ्याने यावर विचार केला.  "ती माफी मागेल?"

"नाही," यीस्टकाका म्हणाला.

"मी मागावी अशी तिची अपेक्षा आहे?"

"असणारच."

"मग कुणीच मागायची नाही, असं ठरवून येतो," म्हातारा म्हणाला आणि दुकानाचं शटर ओढलं. 

आई दारात उभीच होती. टोपली आत, स्वतः बाहेर. भाऊ फाटकाशी थांबला. अकरा वर्षांत दोघांचे केस पांढरे झाले होते, आणि तेवढ्यापुरतं दोघांनी एकमेकांना नीट बघून घेतलं.

"ताई," तो म्हणाला.

"ये. हे दार तुला कसलं दिसतं?"

"शेवाळी."

"आणि ती खिडकी?"

त्याने मान वाकवून बाजूची खिडकी पाहिली. "तीही शेवाळी. जरा उन्हाने विटलीय."

आईने तोंडावर पदर धरला, पण हसू पदरामागून बाहेर आलंच. "अरे, मग तू सांगायचंस ना मला दिसत नाही म्हणून."

"मला कुठे माहीत होतं? मला वाटायचं सगळ्यांना एवढंच दिसतं." तो दोन पायऱ्या चढला. "आणि एक सांगतो. भाऊजींचा तो शेवाळी रंग मला मनातून कधीच आवडला नव्हता."

"तुला दिसलाच कुठे तो?"

"नाव ऐकूनच आवडला नव्हता."

यावर आईने त्याच्या दंडावर एक चापट मारली, आणि तो हात तिथेच धरून ठेवला. यीस्टकाका आणि लेक फाटकाशी उभे होते. लेकीने त्याच्या बाहीला डोळे पुसले. "बाबा, परीक्षेत वंशावळ काढायला आली ना, मी हीच काढणार."

"मी आधी काढणार," तो म्हणाला. "बाकावर मी तुझ्या पुढे बसतोय उद्यापासून."

आई भावाला घेऊन रस्त्यावर आली. त्याला आता प्रत्येक गोष्टीचा रंग हवा होता. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेली चादर? लाल. नक्की? अरे लाल म्हणजे लालच. आणि ते झाड? हिरवं. मग दोघांत फरक काय? आई थांबली. लाल आणि हिरव्यातला फरक शब्दांत कसा सांगायचा हे तिला सुचेना. 

"लाल जरा मोठ्याने असतं," ती शेवटी म्हणाली.

"आणि हिरवं?"

"हिरवं हळू बोलतं."

म्हाताऱ्याने चादरीकडे कान केला, मग झाडाकडे. "दोघं गप्पच आहेत ताई," तो म्हणाला, आणि दोघंही रस्त्याच्या मधोमध हसत उभी राहिली. मागून आलेल्या सायकलवाल्याला घंटी वाजवत त्यांना वळसा घालून जावं लागलं.